झेंडूचा हार घातलेली टग

आता काय सांगू तुम्हाला, एका भल्या माणसाला मी अख्खं महायुद्ध भलत्याच बोटीवर दाखवलं! हसा, पण चहा सांभाळून.

अबुधाबीजवळ मुसफ्फाला आमच्या कंपनीच्या यार्डात एक म्हातारी टग होती. टग म्हणजे मोठ्या जहाजांना दोर बांधून ओढणारी बोट. ही दुसऱ्या महायुद्धात आरमारात होती. वरून बॉम्ब पडतायत आणि ही बया टॉर्पेडो लागलेलं जहाज ओढत बंदरात आणतेय! पुढे आखातात तिनं तेलकंपन्यांचे बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू तराफे ओढले. आता मालक म्हणत होता, गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर कापून भंगारात.

मी मार्केटिंगवाला, बसणार अबुधाबीच्या एसीत. टग पाहिली ती फक्त युद्धातल्या काळ्यापांढऱ्या फोटोत. पण तिचा इतिहास वाचला आणि जीवच जडला हो! घरी जेवताना रोज तेच. मुलगी म्हणायची, "बाबा, नॉट द टग अगेन!"

शेवटी एक अमिराती शेठ बघायला तयार झाले. जुनी बोट घेऊन त्यांना म्युझियम करायचं होतं. भेट ठरली नेमकी दसऱ्याला. मी कॅप्टन मुश्ताकभाईंना फोन लावला. मुश्ताकभाई रत्नागिरीचे, वर्षानुवर्षं तीच टग चालवलेली.

"मुश्ताकभाई, टगला झेंडूचा हार घाला. दसराही साजरा होईल आणि मला ओळखायलाही सोपं."

काय डोकं चालवलं, नाही?

गेटातून शिरतो तो समोरच हार घातलेली टग! शेठना घेऊन चढलो आणि सुटलोच.

"शेठ, ये देखो, गोली का निशान!"

शेठनी पोचा आलेल्या पत्र्यावरून हळूच हात फिरवला. त्यांचे डोळे पाणावले, मला आणखी जोर चढला.

"पर इतनी नयी कैसे दिखती है?"

"मेंटेनन्स, शेठ!"

"और ये टचस्क्रीन?"

"बाद में लगाया!"

"कप होल्डर?"

"नेव्ही है शेठ, डिसिप्लिन!"

तेवढ्यात मुश्ताकभाईंचा फोन. "पेंडसेसाहेब, कुठं राहिलात? मालक आणि मी टगवर वाट बघतोय!"

"अहो, मी टगवरच आहे!"

"मग मी कशावर उभा आहे?"

मी मान वर केली. धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीला हार! क्रेनला हार, फोर्कलिफ्टला हार, कंप्रेसरलासुद्धा हार आणि कुंकू. दसऱ्याला आपली माणसं यंत्रांची पूजा करणारच, हे माझ्यासारख्या पुणेकराला सुचू नये? मी उभा होतो ती शेजारच्या कंपनीची, परवाच धक्क्याला आपटत आलेली कोरी टग होती.

शेठना खरं सांगितलं. वाटलं, संपलं सगळं, आता म्हातारी टग कापली जाणार आणि पाप माझ्या माथी. शेठ पोट धरधरून हसले आणि म्हणाले, "यल्ला, चलो, असली दिखाओ!"

खरी टग कोपऱ्यात उभी होती, गंजलेली, पण काय रुबाब तिचा! शेठनी सुकाणू दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाले, "खलास. ये मेरी."

मुश्ताकभाईंनी मला कडकडून मिठी मारली. धक्क्यावर नुसता जल्लोष! मी तर छाती फुगवूनच उभा. म्हटलं, माझ्या वक्तृत्वानं टग वाचली!

शेठनी आमच्या मालकाचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"हबीबी, एक ही शर्त है. डिलिव्हरी को इसको मत भेजना. ये किसी और का टग ले आयेगा!"