मार्कंड्याच्या भिंतीवरची जोडी

चित्र भिंतीवर लागल्याची बातमी मूल गावी पोचली, त्याच दुपारी तिथले गिरणीवाले आमच्या वर्गात आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी फळ्यापाशी होतो, विद्यार्थी बाकांवर होते, आणि ते मधून चालत थेट मागच्या भिंतीपाशी गेले. चित्रात एक पुरुष आणि एक स्त्री बिलगून उभे होते. स्त्रीचा हात पुरुषाच्या खांद्यावर होता. खाली कोपऱ्यात गिरणीवाल्यांच्या मुलीची सही होती.

मुलगी पुढच्या बाकावर बसली होती. बावीस वर्षांची. लग्न झालं आणि वर्षभरात नवरा तापाने गेला. ती माहेरी परत आली. ड्रॉइंग मास्तरीण झाली तर कोणाच्या दारात बसावं लागणार नाही, म्हणून बापानेच तिला चांद्याला मावशीकडे ठेवून आमच्या चित्रकला वर्गात घातलं होतं. नागपूरची परीक्षा तोंडावर आली होती. आणि आता हाच बाप तिला घेऊन जायला आला होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. हातातली पेन्सिल मात्र बाकावर ठेवली.

"मास्तर, हे काय हाये?"

"मार्कंड्याच्या देवळावरचं शिल्प आहे, भाऊ. आम्ही सगळे गेलो होतो ना, शिवरात्रीची जत्रा उठल्यावर."

"मार्कंड्याचं?" ते वळले. "मले सांगून राह्यले तुमी मार्कंड्याचं? लहानपणापासून दर शिवरात्रीले जातो मी. माहा बाप जात होता. असं काई नाई तिथी."

"आहे."

"नाई म्हनतो ना! देवाचं ठिकान हाये ते."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. गिरणीवाल्यांनी तिकडे पाहिलं आणि हसणं बंद झालं.

माझं बालपण चळवळीच्या पत्रकांत गेलं. आमच्या घरी पोथी नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या तोंडात आधी मागण्या येतात. कलेचा इतिहास शिकवायला घेतला तेव्हाही तसंच झालं. अभ्यासक्रम ग्रीसमध्ये सुरू होऊन इटलीत संपत होता. राखाडी छायाचित्रांचं एकच पुस्तक वर्गभर फिरायचं, आणि चांद्याच्या परकोटाच्या, जुन्या तटाच्या, आत बसून धानाच्या गावांतली मुलं परदेशातल्या खांबांचे प्रकार पाठ करायची. वैनगंगेच्या काठी, आपल्याच जिल्ह्यात, देवळाची अख्खी भिंत माणसांनी भरलेली उभी होती, तिचा एका ओळीत उल्लेख नव्हता. मी सांगून टाकलं की इतिहास तिथून सुरू होईल. वर्गाच्या प्रमुखांनी हात जोडले, "परीक्षेत जे येतं ते शिकवा हो." मी दोन्ही शिकवत होतो.

मार्कंड्याला माझी एक रीत होती. भिंतीवरच्या मूर्तींच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी मूर्ती निघेल, तिच्यासमोर त्याने दिवसभर बसायचं. सुंदर तेवढं निवडायचं नाही, कुरूप टाळायचं नाही. आणि दुसरी अट, जेवढं आहे तेवढंच काढायचं. फुटलेलं नाक फुटलेलंच राहील. दुरुस्ती हे चित्रकाराचं काम नाही.

आरडाओरडा ऐकून प्रमुख धावत आले. त्यांनी खुर्ची मागवली, पाणी मागवलं, आणि परिस्थिती पाहून एक वाट काढून दिली. "भाऊ, यांच्या चिठ्ठ्या असतात. जी निघाली ती काढावी लागते. पोरीचा यात काय दोष?"

गिरणीवाले माझ्याकडे बघू लागले. "चिठ्ठीच निघाली काय, मास्तर? खरं सांगा."

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. चिठ्ठीच निघाली होती, पण तिला निघाला होता हत्ती. जोडीची चिठ्ठी दुसऱ्या एका विद्यार्थ्याची होती, आणि दोघांनी अदलाबदल केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रमुख मला डोळ्यांनी खुणावत होते. माझ्या जिभेवर मात्र भाषण तयार होतं: विधवेने दगड कोणता पाहावा हे कोणी ठरवायचं, वगैरे. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलून तिची परीक्षा बुडवायची नव्हती.

तीच उठली. "मले हत्ती निघाला होता, बाबा. मी बदलून घेतली."

"काऊन?"

"हत्ती मले येते. मानसाचे हात नाई येत. दोन मानसांचे हात एका जागी कसे बसवले, ते पाहाचं होतं. परीक्षेत मानूस येते."

माझं भाषण बाजूलाच राहिलं. गिरणीवाल्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं, पण ते मवाळही झाले नाहीत. शेवटी म्हणाले, "ठीक हाये. दाखवा मले. असंच्या असं तिथी असन तं बसू दे परीक्षेले. तुमी लोकायनं मनचं काढलं असन, तं आजपासून वर्ग बंद. अन् मास्तर, मंग तुमची नौकरी बी मी पाहून घेतो."

"कबूल," मी म्हणालो. प्रमुखांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे निघालो. मोटारीतून उतरून नदीपर्यंत चालत. चित्राची गुंडाळी गिरणीवाल्यांनी स्वतःच्या काखेत धरली होती. ते पुढे झपाझप चालत होते, आणि आमच्यात अंतर पडलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, तिचा हात तुटला हाये."

"कुणाचा?"

"मूर्तीतल्या बाईचा. खांद्यापासून खाली नाई तो. मी पुरा केला."

मी जागच्या जागी थांबलो. असंच्या असं, ही अट होती. आणि नेमका तोच हात, पुरुषाच्या खांद्यावर टाकलेला.

"मी काय सांगितलं होतं? जेवढं आहे तेवढंच!"

"मालूम हाये."

"मग का केलंस?"

"चला ना सर," ती म्हणाली, "बाबा पाहून राह्यले."

आम्ही डोंग्यात बसलो. नावाडी आपला बिडी पीत बांबू रेटत होता. मी मनात दोन उत्तरं तयार करत होतो आणि दोन्ही मला फसवी वाटत होती. तिच्याकडे पाहिलं तर ती पाण्यात हात घालून बसली होती.

देवळापाशी शुकशुकाट होता. जत्रेतल्या नारळाच्या शेंड्या अजून पडल्या होत्या. गिरणीवाल्यांनी जोडे काढले, आत जाऊन पाया पडून आले, आणि सवयीने प्रदक्षिणेला लागले. हात जोडलेले, नजर समोरच्या जमिनीवर. तेव्हा मला कळलं की हा माणूस खोटं बोलत नव्हता. जत्रेत पुढच्याच्या टाचा आणि हातातला नारळ, एवढंच दिसतं. भिंतीच्या अगदी जवळून दरवर्षी तो असाच गेला होता.

"भाऊ, वर पाहा," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. टोपी एका हाताने धरून ठेवली. नुसती ती एक जोडी नव्हती. रांगेवर रांगा होत्या. ते एका मूर्तीवरून दुसरीवर जात होते आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. मग त्यांनी चित्र उलगडलं आणि आपली जोडी शोधून काढली. एकदा कागद, एकदा दगड. पुन्हा कागद.

"हा हात कुठी हाये?"

मी तोंड उघडलं. ती माझ्या आधी बोलली, "तुटला, बाबा."

"मंग कागदावर कुठून आला? तुह्या मनानं घातला तू?" आवाज भिंतीवर आपटून परत आला. "मास्तर, हेच म्हनत होतो मी. हे तुमी शिकवलं तिले!"

"मी याच्या उलट शिकवलं," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि त्या क्षणी अगदी निरुपयोगी होतं.

"वर चढा, बाबा," ती म्हणाली. "त्या मानसाच्या खांद्यावर पाहा."

ते चढेनात. ती स्वतः ओट्यावर चढली, आणि तिने खाली हात दिला. बापाने तो घेतला नाही, भिंतीला धरून चढला. मीही मागोमाग चढलो. पुरुषाच्या खांद्यावर, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसणार नाहीत अशी, दगडाची बोटं होती. हात कधीच गळून पडला होता, मनगट नव्हतं, कोपर नव्हतं. बोटं तेवढी खांद्याला चिकटून राहिली होती.

"बोटं इथी हायत," ती म्हणाली, "तं हात बी इथीच होता. मी नाई घातला."

गिरणीवाल्यांनी बोट पुढे केलं, पण दगडाला लावलं नाही. मुलीकडेही पाहिलं नाही. खाली उतरून पायरीवर बसले आणि टोपीने तोंड पुसलं.

"चित्र भिंतीवर लागनार नाई," ते म्हणाले.

"ते का?" मी भडकलो. "तुमच्या देवाच्या भिंतीवर चालतं, आमच्या भिंतीवर चालत नाही? तुम्ही शब्द दिला होता—"

"परीक्षेचा देल्ला. भिंतीचा नाई देल्ला. त्या चित्रावर तिचं नाव लिवून हाये, मास्तर. इथी कोनाचंच नाव नाई."

मी वाद घालणार होतो. आजही घालीन. सही करून काढलेलं चित्र जिथे लपवावं लागतं, ते गाव ही भिंत घडवणाऱ्या पाथरवटाच्या काळाहूनही मागे गेलेलं आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आताही वाटतं. पण ती म्हणाली, "राहू द्या, सर. परीक्षा माही हाये, तुमची नाई." आणि तिने बापाच्या हातातलं चित्र घेऊन, गुंडाळून माझ्या हातात दिलं.

परतीच्या डोंग्यात गिरणीवाले टोकाला बसले, जायच्या काठाकडे पाठ करून. देऊळ झाडांआड जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत होते. आता पुढच्या शिवरात्रीला यांना मान खाली घालून फिरता येईल का, असा विचार माझ्या मनात आला. विचारायची हिंमत झाली नाही. मध्यावर आल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"नागपूरले जाताना नागभीडले गाडी बदलावी लागते न?"

"हो," मी म्हणालो.

"एकटीले नाई जमन ते," ते नावाड्याकडे बघत म्हणाले. "मीच येतो संगं."

मुलीने पाण्यात घातलेला हात बाहेर काढला. तो पदराने पुसला आणि ती नीट सरळ बसली.