मरळीचा लिलाव

आमचं चांद्याचं चर्च अँग्लिकन, इंग्रजांच्या वेळचं. पुढे कागदोपत्री नाव बदललं, पण आमची जुनी खोडं मरेपर्यंत अँग्लिकनच राहिली. माणसं मूठभर आणि ऐट बिशपाची! पण याच मूठभरांनी वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात, मिशनचा एक दवाखाना जगवला होता. तिथे एकटी सिस्टर राहायची. तिचे तांदूळ, रॉकेल, औषधं सगळं आमच्या कापणीच्या सणातून निघायचं.

सणाला प्रत्येक घरातून काही ना काही वेदीपुढे यायचं. भोपळा, लाखोळीची डाळ, एखादा कोंबडा. उपासना संपली की अंगणात लिलाव. त्यात रीत अशी की बोली जिंकणाऱ्यानं वस्तू घरी न्यायची नाही. पैसे भरायचे, वस्तू परत टेबलावर ठेवायची, की पुन्हा बोली सुरू. एकच भोपळा दुपारपर्यंत निम्म्या मंडळीचा होऊन जायचा. जो परत देत नाही तो चिकट, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी कॉलेजात होते. त्या सणाला नदीकाठचा एक ढिवर, मासे धरून पोट भरणारा, आला. दवाखान्याचं सगळं सामान याच्याच डोंग्यातून पलीकडे जायचं. त्याच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण सिस्टरनं निभावून नेलं होतं, म्हणून हा माणूस जर्मनच्या घमेल्यात जिवंत मरळ घेऊन एस.टी.नं आला. चर्चची पायरी तो पहिल्यांदाच चढत होता. पाद्रीसाहेबांनी घमेलं वेदीपुढे ठेवलं. मरळ मध्येच शेपटी आपटायची आणि गाणाऱ्यांचा सूर जायचा.

लिलावात मासळीला अशी बोली लागली की विचारू नका. मास्तरांनी घेतली, परत ठेवली. कोळसा खाणीतल्या साहेबांनी घेतली, परत ठेवली. आम्ही टाळ्या पिटतोय आणि कडुनिंबाखाली उभ्या त्या माणसाचा चेहरा उतरत चाललेला. शेवटी तो पुढे आला, घमेलं उचललं आणि फाटकाकडे चालू लागला.

माझी आई महिला मंडळाची प्रमुख, जीभ तिखट. ती त्याला आडवी गेली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"जो तो हातात घेते अन् वापस ठेवते," तो म्हणाला. "आमच्या हातचं चालत नसन तं तसं सांगा, बाई. मी काई उद्यापासून डोंगा नाई लावत."

अरे देवा! आमच्या आजा-पणजांना गावच्या विहिरीवर कुणी उभं केलं नव्हतं. हातचं न चालणं म्हणजे काय, हे आम्हाला का कुणी शिकवायला हवं होतं? आणि तोच आळ आमच्यावर! मला तर रडूच फुटलं. शिवाय डोंगा थांबला की दवाखाना थांबला, हेही सगळ्यांना कळत होतं.

पाद्रीसाहेब त्याला रीत समजावू लागले. दान, मग पुन्हा दान, देवाचं काम वगैरे. त्याला काही पटेना. पटणार तरी कसं? खायची वस्तू माणूस खातो, परत कोण देतो? आईनं पाद्रीसाहेबांना हातानंच थांबवलं. घमेलं त्याच्याकडून घेतलं, विळी मागवली आणि राख चोळून तिथेच मरळ साफ करायला बसली. एका म्हातारबुवांनी रीत मोडली म्हणून कुरकुर केली. रीत गेली चुलीत, असं आईनं मान वर न करता सुनावलं.

सणाच्या जेवणासाठी चुली पेटलेल्याच होत्या. रस्सा झाल्यावर आईनं पहिलं ताट वाढलं, पण त्याच्यापुढे ठेवेना. त्याच्या गावात कळलं तर बाटला म्हणतील, पंगतीतून उठवतील, हे ती जाणून होती.

"भाऊ, तुमच्या हातचं आमी खातो," ती म्हणाली. "आमच्या हातचं तुमाले चालते का, तेवढं सांगा. नाई म्हटलं तरी राग नाई."

तो ताटाकडे बघत राहिला. सगळी मंडळी त्याच्याकडे. मग त्यानं तिच्या हातून ताट घेतलं, मांडी घातली, रस्सा भातात कालवला आणि घास तोंडात टाकला. सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी पडलं, बाई."

मिठाबद्दल माझ्या बापाला सुद्धा एक शब्द काढू न देणारी माझी आई डोळे पुसत मीठ आणायला धावली.