शेजारणीच्या गोळ्या

माझ्या बायकोला आणि आमच्या शेजारणीला एकाच हिवाळ्यात स्तनाचा कॅन्सर निघाला. शेजारणीचा आमच्यापेक्षा बरा निघाला. असं वाक्य शिकल्यासवरल्या माणसाने मनात आणू नये, हे मला कळतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी जन्मभर लोकांना पुस्तकं काढून दिली, स्वतःही पुष्कळ वाचली, आणि मत्सराविषयी थोरामोठ्यांनी काय लिहून ठेवलंय ते कुठल्या कपाटात आहे हे अजूनही सांगू शकेन. त्याचा काही उपयोग झाला नाही.

कारंजात आमची गल्ली संपते तिथून भाजीचे मळे सुरू होतात. त्यातला पहिला मळा शेजाऱ्यांचा. नवरा-बायको मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, फुलकोबी काढतात आणि सकाळी बाजारात नेऊन विकतात. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागतो. दोन्ही बायकांच्या गाठींचे तुकडे एकाच आठवड्यात तपासायला गेले आणि रिपोर्ट घ्यायला आम्ही चौघं एकाच भाड्याच्या गाडीने मोठ्या शहरातल्या कॅन्सर सेंटरला गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं. शेजारणीच्या गाठीतल्या पेशींवर एक विशिष्ट खूण सापडली होती. त्या खुणेवर जाऊन बसणारी औषधं अलीकडे निघाली आहेत, आणि एका नव्या गोळीचा अभ्यास त्याच सेंटरमध्ये चालू होता. शेजारीण त्यात बसत होती. आमच्या पेशींवर ती खूण नव्हती. दुसऱ्या ज्या दोन खुणा बघतात, त्याही नव्हत्या. म्हणजे आमच्यासाठी जुनी केमोथेरपी, आणि पुढचं पुढे.

"पुन्हा एकदा तपासून बघता येईल का?" मी विचारलं.

"दोनदा तपासलंय, सर," बाई म्हणाल्या.

संशोधनात प्रगती झाली की ती सगळ्यांसाठी होते, अशी माझी समजूत होती. वर्तमानपत्रात मथळाच तसा असतो. प्रत्यक्षात जऊळक्याच्या लहानशा स्टेशनावरून एक्स्प्रेस न थांबता जावी तशी ती आमच्यासमोरून धडधडत गेली, आणि खिडकीशी शेजारीण बसलेली होती.

पुढे कित्येक महिने आम्ही एकाच गाडीने जात-येत राहिलो. परतताना शेजारणीला भूक लागायची. वाटेतल्या हॉटेलात ती मिरचीची भजी मागवायची आणि माझी बायको गाडीच्या काचा वर करून, पदर नाकाला लावून बसायची. सुरुवातीच्या औषधांनी गेलेले शेजारणीचे केस परत आले, तेही कुरळे. माझ्या बायकोने आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता. कुणाच्या पगाराकडे, बंगल्याकडे मी आयुष्यात कधी ज्या नजरेने पाहिलं नाही, त्या नजरेने मी त्या भज्यांकडे आणि त्या केसांकडे पाहिलं.

मग सेंटरला संशोधनाच्या नव्या इमारतीसाठी निधी हवा झाला, आणि आपल्या तालुक्याची लेक बरी होते आहे हे सेंटरच्या मदत समितीच्या लक्षात आलं. गावात फलक लागले. त्यावर वर पुढाऱ्यांचे चेहरे, खाली इमारतीचं चित्र, आणि मधोमध शेजारीण हात जोडून. ओळ होती, "हिने हरवले कॅन्सरला." अभ्यास अजून अर्धाही झाला नव्हता. पण फलकावर शक्यता छापत नाहीत.

समितीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. चार शब्द लिहून द्या म्हणाले, तुमचा व्यासंग आहे. मी म्हटलं, माझ्या घरात आजारी माणूस आहे.

"हो का? कोण?" त्यांनी विचारलं.

मी चार शब्द लिहून दिले नाहीत.

कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला, कारण तेवढ्या खुर्च्या दुसरीकडे नाहीत. प्रमुख पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलनाला काडी पेटेना, कारण पंखे चालू होते. पंखे बंद केले तेव्हा पाहुण्यांना उकडायला लागलं. एका वक्त्याने कॅन्सरचा इतिहास प्राचीन काळापासून सुरू केला आणि वेळेअभावी प्राचीन काळातच थांबवला. शेजारणीला शाल, नारळ आणि प्लास्टिकचा मुकुट घातलेलं मानचिन्ह मिळालं. ती व्यासपीठावर अगदी कडेच्या खुर्चीत, कुणीतरी बोलावून नेईल अशा बेताने बसली होती.

देणग्या पुकारायला लाऊडस्पीकरवाल्यालाच उभं केलं होतं. आमच्याकडे लग्नात जेवणं चालू असताना आहेर माइकवरून पुकारतात: अमुक यांच्याकडून नवरीला इतके, तमुक यांच्याकडून नवरदेवाला भांडी. अख्खा मांडव ऐकतो, आणि ज्याच्या घरचं लग्न, तो ते लक्षात ठेवतो. पुढे देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की तितकंच, जमल्यास थोडं जास्त, परत करावं लागतं. हा माणूस गेली कित्येक वर्षं तेच करत आला होता. पहिलीच देणगी हातात पडताच तो सवयीने म्हणाला, "भाजी विक्रेता मंडळाकडून नवरीला..." आणि थांबला. हॉलमध्ये हशा पिकला. शेजारणीने पदर तोंडावर ओढला. त्यानंतर तो "सेंटरला" म्हणत राहिला, मधूनच पुन्हा "नवरीला" निघून जायचं, आणि लोकांना ते आवडलं असावं, कारण खिसे सैल झाले. विहारातल्या महिला मंडळाने भांडं भरून जमवलेली नाणी दिली. फळवाले, शिंपी, रिक्षावाले, सगळे रांगेने आले.

माझी बायको माझ्या शेजारी बसली होती. डोक्याला रुमाल, अंगात स्वेटर. ती उठली. मला वाटलं, घरी जायचंय. ती रांगेत जाऊन उभी राहिली, आणि आम्हाला सहज झेपणार नाही एवढी रक्कम तिने स्वतःच्या नावाने दिली. परत येऊन बसली तेव्हा तिला धाप लागली होती.

"एवढे काहून दिले?" मी विचारलं.

"शेजारीन हाय," ती म्हणाली. "गावच्यांनी द्यायचं अन् आपण हातावर हात ठिऊन बसायचं का?"

शेजारीण वरून सगळं बघत होती. सेंटर, निधी, इमारत हे शब्द तिच्यापर्यंत पोचले असतील. पण तिने पाहिलं ते एवढंच, की आपला फोटो लागलाय, आपल्यासमोर लोक रांगेने येऊन देताहेत, आणि माइकवरून नावं पुकारली जाताहेत. असं जिच्यासाठी होतं तिने ते फेडायचं असतं. ही गोष्ट तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नेमकी चूक तिथेच झाली, आणि ती ओळखायला गावात कुणीच उरलं नाही, कारण गावातल्या प्रत्येकाने तेच धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून देणाऱ्यांच्या घरी भाजी जाऊ लागली. शिंप्याकडे कोबी, रिक्षावाल्यांकडे मेथीच्या जुड्या, विहारात सांभार आणि वांगी. लोक आहेर फिटल्यासारखं समाधानाने घेत होते. तिचा नवरा मात्र कातावला. अंगणातून त्याचा आवाज यायचा, "अवो, इमारत त्यायची, पैसे त्यायले गेले, अन् भाजी माई जाऊन राह्यली."

"मंग मांडवात नवरी म्हणून कोन बसलं होतं? मीच ना," ती म्हणायची.

आमच्याकडे काही आलं नाही. मला त्याचाही राग आला. म्हटलं, सगळ्यांत जास्त दिलं त्यांना विसरली.

पंधरवड्याने ती दुपारी आली. मी ओसरीत वाचत होतो, बायको आत पडली होती. ती सरळ आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. मी दारात जाऊन उभा राहिलो. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. जुन्या साडीच्या तुकड्यात पिवळसर गोळ्या होत्या, सात-आठ.

"ताई, ह्या घ्या," ती म्हणाली. "तुमच्या आहेराले भाजी कशी पुरन? म्या एक दिस खाल्ली, एक दिस तुमच्यासाठी ठिवली."

नवी गोळी मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतके महिने जिचा हेवा केला ती ही, बोटाच्या नखाएवढी, शेवग्याच्या बीसारखी. मला पक्कं माहीत होतं की आमच्या आजारावर तिचा काडीचा उपयोग नाही. ज्या खुणेवर ती जाऊन बसते ती खूणच आमच्यात नाही. जे मिळेल ते सगळं मी वाचलं होतं. तरीही माझा हात पुढे झाला आणि मी ती पुरचुंडी उचलली. मी ती परत देणार होतो की ठेवून घेणार होतो, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. बायको माझ्या हाताकडे बघत होती.

"त्या मांडा खाली," ती मला म्हणाली. मग शेजारणीकडे वळली. "कवापासून करून राह्यली हे?"

"कार्यक्रम झाला तवापासून."

"डाक्टरले सांगतलं?"

"नाई. बाटली परत मागते ते. इचारलं तं सांडल्या म्हणीन."

"सांडल्या म्हणे. तुयी अक्कल सांडली. ह्या गोया मले चालत नाई, एवढं बी तुले कोनी सांगतलं नाई?"

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. "सर, खरं का?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"मंग ताईले कोनती चालते?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर शोधत होतो. मी म्हणालो, अजून निघाली नाही.

तिने पुरचुंडी आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "आता मले काढतीन का त्यातून?"

ते खरंच शक्य होतं. अभ्यासात रोजच्या गोळीचा हिशेब असतो. ज्याने मधल्या गोळ्या सोडल्या त्याला ते वगळू शकतात. मला तेही वाचून माहीत होतं. सेंटरच्या अभ्यासाचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन नंबर माझ्याकडे होता, कारण गाडीतल्या चौघांत इंग्रजी कागद मीच वाचायचो. बायको म्हणाली, "लावा फोन. खरं सांगा. लपवून तिले काई झालं तं कोन पाह्यते?"

मी फोन लावला आणि झालं ते सांगितलं. काही दिवस एकाआड एक गोळी घेतली गेली, उरलेल्या इथे आहेत, खाणारीचा समज चुकीचा होता. पलीकडच्या मुलीने तारखा विचारून लिहून घेतल्या. मग म्हणाली, "आजची त्यांनी घेतली का?"

मी शेजारणीला विचारलं. आजची पुरचुंडीत होती.

"थांबा, सध्या काही घेऊ देऊ नका. डॉक्टरांना विचारून फोन करते."

आम्ही तिघं थांबलो. शेजारीण खाली जमिनीवर बसली, पाठ पलंगाला टेकून, आणि माझ्या बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी खिडकीशी उभा होतो. तिला काढून टाकलं, तर रिकामी झालेली जागा आमची नव्हतीच. आमच्या वाट्याला त्यातून काहीही येणार नव्हतं. एवढं स्पष्ट असताना, फोन पुन्हा वाजेपर्यंत, मी नक्की कशाची वाट बघत होतो?

फोन आला. डॉक्टर रागावल्या होत्या, पण तिला काढलं नव्हतं. आजची गोळी घ्यायची, उद्यापासून रोजच्या रोज, राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत, आणि येत्या फेरीला ही पुरचुंडी जशीच्या तशी आणायची. मी तसं सांगितलं. फोन ठेवण्याआधी मी आमच्या प्रकारच्या आजाराबद्दल विचारलं. सध्या त्यासाठी इथे काही चालू नाही, असं ती मुलगी हळू आवाजात म्हणाली. झालं तर कळवू.

बायकोने स्वतः उठून पाणी आणलं. "खा माह्यासमोर," ती म्हणाली.

शेजारणीने गोळी गिळली. उरलेल्या पुन्हा कनवटीला बांधल्या आणि म्हणाली, "ताई, मंग तुमचा आहेर राह्यलाच की."

"राहू दे. मले घाई नाई," बायको म्हणाली.

ती गेली. बायको माझ्याजवळ खिडकीशी आली आणि चौकट धरून उभी राहिली, कारण तेवढ्यानेच ती दमली होती. शेजारीण गल्लीतून मळ्याकडे निघाली होती, डोक्यावर टोपली, मध्येच वाकून कुणाच्या तरी बकरीला हाकलत.

"आपलं काय म्हने?" बायकोने बाहेर बघतच विचारलं.

"सध्या काही नाही. झालं तर कळवतील."

शेजारणीने नाली ओलांडायला उडी मारली.

"पाहा कशी चालून राह्यली," बायको म्हणाली. "धाप बी लागत नाई तिले."

तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. इतके महिने मी ते माझ्या एकट्याचं समजत होतो. मी "हो" म्हणालो, आणि शेजारीण कोबीच्या वाफ्यांत खाली बसून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.