कालिंदीबाईंचा लाल तारा

गोळ्या मोजताना मध्येच कुणी हाक मारली, की कालिंदीबाईंचं डोकं फिरायचं. शहरातल्या एका दवाखान्यात एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं द्यायची आणि ती नीट कशी घ्यायची ते समजावून सांगायचं, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. रुग्ण दर महिन्याला आपली डबी घेऊन यायचा. बाई उरलेल्या गोळ्या स्टीलच्या ताटलीत ओतायच्या आणि पाच-पाच करून बाजूला सारायच्या. आकडा जुळला की रुग्णाच्या हिरव्या पुस्तकात लाल पेनानं एक तारा. नाही जुळला तर चष्म्यावरून एक नजर. त्या नजरेला धिप्पाड ट्रकड्रायव्हरसुद्धा टरकून असायचे.

तारा हा काही सरकारी नियम नव्हता. बाईंचे वडील सिल्लोडला शाळामास्तर होते, ते मुलांच्या वह्यांवर असे तारे काढायचे. लेकीनं ती सवय दवाखान्यात आणली. पन्नाशीची माणसंही त्या ताऱ्यानं हरखायची, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता म्हणा.

सगळ्यात जास्त तारे सरूबाईंच्या पुस्तकात. ओळीनं एकोणीस. सरूबाई गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, नवरा याच आजारानं गेलेला, दिराच्या घरात राहायच्या. त्यांना स्वतःला तोच आजार आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. डबी आणि पुस्तक, दोन्ही ज्वारीच्या कोठीत दडवलेलं असायचं.

दोन हजार अठराच्या पावसानं सगळ्यांनाच तोंडघशी पाडलं. दिवाळीनंतर खेड्यांत टँकर सुरू झाले. शहर पैठण रोडनं चितेगावाकडं पसरतच होतं, नव्या इमारतींना रंग लागत होता आणि त्यांच्या नळांना सहा-सहा दिवस पाणी नव्हतं.

त्याच सुमाराला दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर चिन्मयनं संगणकावर एक यादी बनवली. वजन, जुने रिपोर्ट, चुकलेल्या तारखा, गावाचं अंतर असं सगळं घालून कुणावर चालू औषधांचा असर पुढं थांबेल याचा तो अंदाज बांधत होता. यादीत तिसरं नाव सरूबाईंचं होतं.

"तुझ्या यंत्राला म्हणावं, जरा विश्रांती घे," बाई हसल्या. "या बाईची एक गोळी इकडची तिकडं होत नाही."

"मॅडम, वजन चार किलो उतरलंय त्यांचं."

"दुष्काळात कुणाचं चढतं रे?"

तपासणीचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू हजारोंनी वाढले होते. बाईंचा चेहरा उतरला. गोळ्यांत खाडे पडत राहिले की विषाणू त्या औषधाला निर्ढावतो, मग तेच औषध कितीही घेतलं तरी लागू पडत नाही. आता नियमानं तीन महिने मिळणार होते. त्यानंतरही आकडा चढाच राहिला तर सरूबाईंची ही साधी रोजची एक गोळी गेली. पुढची औषधं जड, आणि तीही हरली तर हातात फारसं काही उरत नाही.

ही बाई गोळ्या फेकून देत असणार, असं कालिंदीबाईंच्या मनात आलं. राग आला, आणि खरं सांगायचं तर अपमानही वाटला.

ठरल्या दिवशी सरूबाई जीपनं आल्या आणि बाकावर बसल्या-बसल्या पेंगू लागल्या. ते बघून बाईंचा राग निम्म्यावर आला. आत बोलावल्यावर सरूबाईंनी घाईनं डबी पुढं केली. बाईंनी ती न उघडताच बाजूला ठेवली.

"मोजा ना मॅडम. बरोबर हायेत."

"असू दे. झोप नाही का झाली? माझीही नाही झाली. आज आमच्याकडं नळाचा दिवस. पहाटे उठून मोटर लावली."

"तुमाला जाग येती," सरूबाई सहज बोलून गेल्या. "तुमी ही गोळी थोडीच खाता."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. कालिंदीबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "सगळं सांगा बरं. मी रागवणार नाही."

"टँकर पहाटं चारला येतो, हप्त्यातून दोनदा. पाण्याचं काम माझ्याकडं. ही गोळी घेतली की डोकं लई गरगरतं, जागच येत नाय. एकदा टँकर निघून गेला. जाऊ म्हणली, इतकी कशी मेल्यावानी झोपती, कसली नशा करती? मी भ्याले मॅडम. तवापासनं टँकरच्या आदल्या राती गोळी घेत नाय."

"मग डबीत उरत कशा नाहीत?"

"दुसऱ्या राती दोन घेते." सरूबाईंनी मान खाली घातली. "नायतर तारा जातो ना."

कालिंदीबाईंची नजर त्या हिरव्या पुस्तकावर गेली. आपल्याच ताऱ्यानं या बाईला खोटं जुळवायला शिकवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. "झोपताना घ्या," हे त्यांनी अकरा वर्षांत हजारदा सांगितलं होतं. उठायचं कधी असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या उठून चिन्मयकडं गेल्या. दोघांनी मिळून गोळीची वेळ दिवेलागणीवर आणली, म्हणजे पहाटेपर्यंत गुंगी बरीच उतरेल. "आणि चुकली तर चुकली," बाईंनी परत येऊन बजावलं. "दोन घ्यायच्या नाहीत. उरलेली तशीच मला आणून दाखवायची."

तीन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, पुन्हा रक्त घेतलं गेलं. रिपोर्ट यायच्या दिवशी बाई सकाळपासून दाराकडं बघत होत्या. दुपारी चिन्मय कागद घेऊन आला. विषाणू मोजता येण्याच्याही खाली गेला होता. जुनी गोळीच पुढं चालणार होती. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या यादीत आणखी एक रकाना घाल रे. घरी पाणी कधी येतं?"

सरूबाईंना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. जरा वेळानं डबी पुढं केली.

"तीन जास्त उरल्यात मॅडम. लगीनघाईत ऱ्हायल्या. खरं सांगते."

बाईंनी ताटलीत गोळ्या ओतल्या, मोजल्या, वहीत आकडा लिहिला. मग हिरवं पुस्तक उघडून लाल पेन उचललं.

"आज कशाला?" सरूबाई गडबडल्या. "आज तर जुळलं नाय की."

"म्हणूनच," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तारा काढला.