कॅन्सल झालेली लाल फुलं

फुलं जवळजवळ सगळी तयार होती. मागे पिना लावायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात गजाननभाऊ दारात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वहिनी, हात थांबवा. काम कॅन्सल."

मी बॅच बनवते. लग्नात वरपक्षाच्या छातीवर किंवा शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या खिशावर जे कापडाचं फूल लावतात, त्याला आमच्याकडे बॅच म्हणतात. सॅटिनचं कापड खामगावहून आणायचं. पुठ्ठ्याच्या साच्यावर पाकळ्या कापायच्या. मग एकेका पाकळीची कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायची. कड थोडी वितळते, आत वळते आणि पाकळी खऱ्यासारखी दिसते. जास्त धरलं तर काळी पडते, कमी धरलं तर नंतर दोरे निघतात. सगळं फिनिशिंग त्या एका हालचालीत असतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. बोलायला मी भिते. या कामात बोलावं लागत नाही.

गजाननभाऊंची ऑर्डर दरवर्षीची होती. आमच्या गावचा जवान दिनेश सीमेवर गोळीबारात गेला. त्याच्या स्मृतिदिनाला गावातला प्रत्येक माणूस छातीवर लाल फूल लावतो. गजाननभाऊ त्या समितीचे अध्यक्ष. दिनेश माझा सख्खा दीर. त्याची बायको रेखा माझी धाकटी जाऊ. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत आहे.

माझे मालकही फौजेतच होते. तेही नोकरीवर असतानाच गेले, पण काविळीनं, मिलिटरीच्या दवाखान्यात. त्यांना आणलं तेव्हा गाडीसोबत दोन जवान होते, घरातली माणसं होती आणि पाऊस होता. दिनेशला आणलं तेव्हा फाट्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. दिनेशच्या नावाची कमान आहे, शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे. माझ्या मालकांचा फोटो आमच्या घरात आहे. पेन्शन दोघींनाही मिळते, तो प्रश्न नाही. मी एकदाच, फार हिंमत करून, गजाननभाऊंना विचारलं होतं की कार्यक्रमात ह्यांचंही नाव घ्याल का. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले की आजारानं गेलेल्याचं नाव घेतलं तर मग सगळेच मागतील. तेव्हापासून मी विचारलं नाही. पण दरवर्षी गावासाठी फुलं करायची आणि त्यातलं एकही आपल्या माणसाच्या नावाचं नाही, हे बोटांना कळायचं.

हे लाल फूल गावात आणलं सुभेदारसाहेबांनी. ते रिटायर होऊन आलेले. शांतिसेनेत असताना त्यांनी परदेशात गोऱ्या शिपायांच्या कोटावर असं फूल पाहिलं होतं. जुन्या महायुद्धात जिथे माणसं मेली त्या शेतांत नंतर हीच रानफुलं उगवली, म्हणून मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी ते लावतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्या लढाईत आपल्याकडचीही पोरं गेली होती म्हणाले. चार लाल पाकळ्या आणि मधे काळं बटण. सॅम्पल मी एका बैठकीत काढलं.

पहिल्या वर्षी लोक लाजले. छातीवर फूल नवरदेव लावतो, नाहीतर पुढारी. म्हातारे विचारत होते कोणता मंत्री येऊन राहिला. पुरुषांनी फूल घेतलं आणि खिशात टाकलं. बायकांनी अंबाड्यात खोचलं. आणि मग प्रश्न आला की रेखाला कसं लावायचं. तिचं कुंकू पुसून वर्षच झालं होतं. आमच्याकडे अशा बाईनं फूल माळायचं नाही आणि लाल तर नाहीच. स्टेजजवळ कुजबुज सुरू झाली. सुभेदारसाहेबांनी आपल्या नातीला पुढे केलं आणि त्या मुलीनं रेखाच्या पदरावर फूल लावून दिलं. मग कोणीतरी टाळी वाजवली.

मी मागे बसले होते. फूल माझ्या हातचं होतं. माझाही पदर तसाच होता, पांढऱ्या काठाचा. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की एकाच घरातल्या दोन विधवांतही फरक असतो.

पुढच्या वर्षांत वारं फिरलं. लोक स्वतःहून फूल मागायला लागले. ज्यानं लावलं नाही त्याला टोमणे. किराणावाल्याचं फूल एकदा दुकानात पोती उचलताना पडलं, तर पोरांनी त्याला विचारलं, "काऊन बे, देशाचं काही वाटत नाही का तुले?" तो बिचारा दुकान उघडं टाकून माझ्याकडे दुसरं न्यायला आला. मग मोठ्या माणसांना मोठं फूल लागू लागलं. कडेनं सोनेरी गोटा, म्हणजे जरीची पट्टी, लावून द्या म्हणाले. वीरपत्नीचं तर सगळ्यात मोठं. ते मीच करायची. रेखाचं फूल करताना मी कड कधी जाळली नाही, पण जाळावीशी वाटायची.

तर यंदा काम कॅन्सल झालं, ते का, हे गजाननभाऊंनी सांगितलं. गावातल्या एका पोरानं मोबाईलवर त्या फुलाचा फोटो शोधला होता. खाली लिहिलेलं आलं, अफू. मागच्या हंगामात पलीकडच्या तालुक्यात कोणाच्या तरी शेतात मक्याच्या आड अफू सापडली होती आणि पोलिसांनी ती उपटून नेली होती. ते सगळ्यांच्या लक्षात ताजं होतं. संध्याकाळपर्यंत पूर्ण गावात झालं की आपण इतकी वर्षं शहिदाच्या नावानं अफूचं फूल लावून राहिलो.

मी हो म्हटलं. दुसरं मला काही सुचत नाही कोणासमोर. गजाननभाऊ गेल्यावर मी फुलांच्या पिशव्यांकडे पाहिलं. काम वाया गेलं याचं वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी बरं वाटलं. यंदा रेखाच्या पदरावर काही नसणार होतं.

दुसऱ्या दिवशी समितीनं मला बोलावलं. कापड तर आणलेलं, फुलं तर झालेली, यातून काही मार्ग निघतो का पाहायचं होतं. सुभेदारसाहेब आधीच तिथे होते. ते सांगत होते की शेतात उगवणारं लाल फूल वेगळं आणि अफूचं झाड वेगळं. दोन्ही एकाच जातकुळीतली, पण वेगळी. गजाननभाऊंनी ऐकून घेतलं.

"साहेब, मले पटते. पन गावाले कोन सांगन?"

"अरे, खसखस तं तुमी रोज खाता. ती तं त्याच अफूची बी हाय."

"भाजीत टाकतो साहेब. छातीवर नाही लावत."

लोक हसले. सुभेदारसाहेब नाही हसले. मला त्यांची कीव आली, पण मी मधे पडले नाही.

मग कोणीतरी म्हणालं की फूल तेच ठेवा, फक्त जास्वंदी करा. मला विचारलं, जमेल का. जमण्यासारखं होतं. मी तिथेच एक करून दाखवलं. काळं बटण उचकटलं, त्या जागी पिवळ्या दोऱ्याची लांब दांडी चिकटवली, टोकाला गाठ मारली. पाकळ्या चारच होत्या आणि जास्वंदीला पाच लागतात, पण दुरून चालून गेलं असतं. गजाननभाऊ खूश झाले. फायनल म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातले एक आजोबा बोलले. जास्वंद गणपतीची. कार्यक्रम झाला की लोक फुलं फेकतात, मागच्या वर्षी नालीजवळ किती पडली होती. गणपतीचं फूल पायाखाली आलं तर पाप कोणाच्या डोक्यावर, समितीच्या का वहिनीच्या. हे कोणाला खोडता आलं नाही. मलाही भीती वाटली. झेंडूचं करा म्हणावं तर कापड लाल आणि दिवस हातात नाहीत. शेवटी ठरलं की यंदा फूलच नाही. सगळ्यांनी मोबाईलवर दिनेशचा फोटो ठेवायचा, त्याला स्टेटस म्हणतात. आणि कमानीजवळ मोठा फ्लेक्स.

उठताना सुभेदारसाहेब मला म्हणाले, "वहिनी, तुमची मेहनत गेली." मी मान हलवली. मेहनतीचं मला एवढं नव्हतं.

कार्यक्रम सकाळी झाला. झेंडा, भाषणं, सगळं नेहमीसारखं. फक्त छात्या मोकळ्या होत्या. लोक दोन मिनिटं उभे राहिले, काही जण मोबाईल वर धरून. रेखा स्टेजवर पहिल्या खुर्चीत होती. भाषणं चालू असताना तिचा हात दोनदा खांद्याजवळ गेला, जिथे फूल असायचं तिथे, आणि पदर सारखा करून खाली आला. मी मागून ते पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कार्यक्रम मी शेवटपर्यंत आरामात बसून पाहिला. शेजारच्या बाईनं मला तिच्या मोबाईलवर दिनेशचा फोटो दाखवला. त्यात त्याच्याभोवती मेणबत्त्या हलत होत्या. मी चांगला आहे म्हटलं.

घरी आले आणि पिशव्या उघडल्या. आतापर्यंत ही फुलं ऑर्डरची होती. ऑर्डरचा माल आपण वापरत नाही, हा माझा नियम. एक फूलही कमी पडलं तर गिऱ्हाईक बोलतं. आता ऑर्डर नव्हती. मी एक फूल घेतलं, त्याची पिन लावली आणि ह्यांच्या फोटोवरच्या हाराच्या दोरीला अडकवलं. काचेवर थोडं आलं, पण छातीच्या जागी बरोबर बसलं. मग दुसरं घेतलं. आरशासमोर उभी राहिले आणि माझ्या पदराला लावलं. पिन बोटात गेली. लाल रंग माझ्या अंगावर कसा दिसतो हे मी विसरले होते.

तेवढ्यात रेखा आत आली. आमच्यात दार वाजवायची पद्धत नाही. तिनं आधी माझा पदर पाहिला, मग फोटो पाहिला, मग पुन्हा पदर.

"बाई, तुमी लावलं?"

"हाव."

"कोनाच्या नावाचं?"

"तुह्या भासऱ्याच्या." भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. हे मी मोठ्यानं पहिल्यांदा बोलले.

ती खाटेच्या कडेवर बसली. वीरपत्नीची चांगली साडी अंगावर होती, इस्त्रीची. फोटोकडे पाहून म्हणाली, "भाऊजीले बरं दिसते. आमच्या ह्याइच्या नावानं यंदा कोनी काहीच लावलं नाही."

"समदं गाव मोबाईलवर लावून राह्यलं त्याले."

"उद्या सकाळी पुसून जाते ते," ती म्हणाली. "मले एक द्या, बाई."

मी लगेच उठले नाही. हे मला नीट आठवतं. जी बाई दरवर्षी स्टेजवर माझं सगळ्यात मोठं फूल लावून बसायची, ती माझ्या खाटेवर बसून एक साधं फूल मागत होती आणि माझ्या पदरावर ते होतं. ते थोडा वेळ टिकावं असं मला वाटलं. रेखानं घाई केली नाही. फूल मागितलं आणि हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

मग मी पिशवीत हात घातला. चांगली फुलं वरच होती. मी खाली चाचपलं आणि एक काढलं, ज्याची एक पाकळी ज्योतीवर जरा जास्त वेळ राहिली होती आणि आत मुडपली होती. असं फूल मी ऑर्डरमध्ये देत नाही, बाजूला काढते. ते मी तिला दिलं.

तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे वाकडं हाय."

"चांगले सरले."

तिनं पिशव्यांकडे पाहिलं. दोन्ही तोंडापर्यंत भरलेल्या होत्या. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर हसू आलं, रागाचं नाही, थकलेलं. "लय दिवसाचं होतं काय मनात, बाई?" तिनं विचारलं. मी पिशवीचं तोंड बांधायला घेतलं. रेखा नखानं ती मुडपलेली पाकळी सरळ करत बसली. ती सरळ होत नाही, एकदा वितळली की तशीच राहते. तरी ती करत राहिली. मग ते फूल पदराच्या टोकात बांधून आपल्या घरी गेली. भिंतीपलीकडून खिळा ठोकल्याचा आवाज आला.

पुढच्या वर्षी गाव काय लावेल, मला माहीत नाही. झेंडू म्हणून राहिले. सॅम्पल मागितलं तर देईन.

धंद्यात मी एक पाहिलं आहे. साध्या फुलाचा माझा साचा एकच आहे, पुठ्ठ्याचा, सगळ्या पाकळ्या त्यावरच कापते. तरी गिऱ्हाईक शेजारच्याच्या छातीवर पाहतं आणि म्हणतं, त्याचं मोठं आहे, मला तसं द्या. पूर्वी मी दोन्ही फुलं एकमेकांवर ठेवून दाखवायची. आता दाखवत नाही. बदलून देते. दुसऱ्याचं फूल मोठं दिसतं ते मापानं लहान होत नाही. मला तर मी स्वतः कापलेलंही दुसऱ्याच्या अंगावर मोठं दिसतं.