मास्तरांचे हात

हा अनुभव लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले... कारण असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. तसा मी कणकवलीकडचा. आमच्याकडे दर वडाला एक राखणदार आणि दर वळणाला एक किस्सा. पण माझं पोटच मुळी फोटोत माणसं घालण्या-काढण्यावर चालायचं. लग्नाला न आलेला मामा ग्रुपफोटोत उभा करणं, वारलेल्या आजोबांचे मिटलेले डोळे उघडणं, ही रोजची कामं. स्वतःच्या हाताने भुतं तयार करणारा माणूस भुताला काय भिणार?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. सातवीत माझी शाळा सुटली आणि एका दूरच्या ओळखीने मी नागपूरला, इतवारीतल्या शामरावजींच्या स्टुडिओत येऊन पडलो. काम त्यांनी शिकवलं. जेवण त्यांच्या घरी, झोपायला स्टुडिओचा माळा. एवढं मिळाल्यावर माणसाने निश्चिंत व्हावं. मी उलट जास्तच घाबरायचो. हातून काही बिघडलं आणि हे ‘जा बाबा घरी’ म्हणाले तर? शामरावजी म्हणायचे, “अबे, तू जेवताना पण डरून राहिला काहून? पोळी काही निगेटिव्ह नाही, हात लागला म्हणून खराब व्हायले.”

रामदासपेठेतले देशकर सर शहरातल्या गाण्याबजावण्यावर एक छोटं मासिक काढत. स्वतः गात नसत, वाजवत नसत. ऐकत मात्र भरपूर. त्या वेळचा अंक गजाननमास्तरांच्या आठवणीचा होता. मास्तर खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरी करायचे आणि बाकी सगळा वेळ तबला. गाणाऱ्या सुमनबाईंना त्यांनी जन्मभर साथ केली, पण दोघांचा एकत्र फोटो एकही नाही. फोटोवाले बाईंवरच कॅमेरा रोखायचे, मास्तरांचा फार तर कोपर यायचा. आता मास्तर गेले होते. सरांना कव्हरवर दोघं शेजारी बसलेले हवे होते, आणि प्रकाशनाच्या कार्यक्रमात पहिला अंक मास्तरांच्या पत्नीच्या हातात द्यायचा होता.

मास्तरांचा वाजवतानाचा फोटो एकच मिळाला, आणि त्यात ते नेमके दुसरीकडे बघताहेत. तसाच लावला तर बाईंशी भांडण झाल्यासारखं दिसेल. मग मी निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढली. मास्तर बाईंकडे वळले. ब्लेडने आकृती कापली, कडा मागून पॉलिशपेपरने घासून पातळ केल्या, बाईंच्या फोटोवर चिकटवली, करड्या रंगाने जोड बुजवले आणि सगळ्याचा पुन्हा एक फोटो घेतला. शामरावजी भिंग लावून बघत म्हणाले, “जोड कुठी आहे ते तूच सांग, मले तं दिसून नाही राहिला.” सरांनी चेहरे बघितले आणि खूष झाले. फोटो छपाईचा धातूचा ठसा बनवणाऱ्या ब्लॉकवाल्याकडे गेला, तिथून तो ठसा, म्हणजे ब्लॉक, महाल भागातल्या प्रेसमध्ये.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मास्तरांचा शिष्य वामन पासपोर्टचा फोटो काढायला आला. त्याच फोटोची एक प्रिंट आमच्या भिंतीवर लावलेली होती. तो जवळ गेला, हसला, मग एकदम गंभीर झाला.

“काहून गा, मास्तरले डावखुरा केलं तुम्ही?”

मला कळेना. त्याने स्टुलावर बसून मांड्यांवर बोटं वाजवून दाखवली. “लहान तबला उजव्या हाताखाली, मोठा डग्गा डाव्या. इथं सारं उलटं. आज समोर वाजवणारेच बसले रायतीन, भाऊ. हासतीन. अन् काकू काय म्हणन?” काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी.

निगेटिव्ह उलटी घातली तेव्हा चेहऱ्याबरोबर हातही उलटले होते, आणि आमच्यापैकी एकालाही ते कळलं नव्हतं. शामरावजी म्हणाले, “सायकल घे. छापलं नसन तं थांबव.” छापलं असेल तर ‘जा बाबा घरी’, हे मी धरूनच निघालो.

इतवारीतल्या हातगाड्यांतून कसा गेलो, आठवत नाही. प्रेसमध्ये अंकांना पिना मारणं चालू होतं. मी एक कव्हर ओढलं. लहान तबला उजव्या हाताखाली, डग्गा डाव्या. विश्वास बसेना. खाली बसलो, वामनसारखे मांड्यांवर हात ठेवून ताडून बघितलं. मशीनवाला म्हणाला, “भैया, तबियत ठीक है ना?” सगळं बरोबर होतं. मास्तर बाईंकडेच बघत होते, म्हणजे चेहरा मी उलटवला तसाच. केसांचा भांगसुद्धा चुकीच्या बाजूला. फक्त हात आणि तबला-डग्गा सरळ.

स्टुडिओत येऊन ते कव्हर भिंतीवरच्या प्रिंटशेजारी धरलं. आमच्या प्रिंटमध्ये मास्तर अजून डावखुरेच! त्या जुळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हमध्येही. शामरावजींनी कव्हरवर भिंग फिरवलं, मग प्रिंटवर, मग पुन्हा कव्हरवर. ब्लॉकवाल्याला विचारलं तर तो चिडलाच: “जो दिया, वही बनाया.” आणि त्याने तरी हात कुठून आणले असते? मास्तरांच्या हातांचा दुसरा फोटो नव्हताच, आणि होता त्याची मूळ निगेटिव्ह आमच्याकडेच होती.

संध्याकाळी काकूंना अंक दिला, तेव्हा मी दाराआड उभा होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं. “तूच बनवला का रे बाप्पा? भांग उलटा पाडला यांचा.”

“चुकलं, काकू,” म्हटलं, आणि मग राहवेना, सगळंच सांगून टाकलं. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. “मंग तेच असन. लग्नाले उशीर झाला तरी चालन, पण तबला सुरात लागल्याबिगर घरातून निंगत नव्हते. केसाले मात्र फणी मलेच लावा लागे. हात सरळ केले अन् केस तसेच सोडले... दुसरं कोन करन?”

परतताना शामरावजी म्हणाले, “आता घरी जायची भाषा काढू नको. हात ते सरळ करून घेतीन, पण कापाकापी तं तुलेच करा लागन.” त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आज माझी मुलगी हेच काम कॉम्प्युटरवर चहा पिता पिता करते. ती म्हणते, बाबा, ब्लॉकवाल्यानेच काहीतरी केलं असणार. असेलही. काय केलं आणि कशातून केलं, ते मात्र तिलाही सांगता येत नाही. मला तर नाहीच.