‘येते’ म्हणाली आणि अडकली

घोडपदेवच्या चाळीतली समिधा परब एम.ए. करत होती. पेरू आणि फिनलंडच्या विद्यार्थ्यांबरोबर एका प्रकल्पासाठी केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ती पुरती अडकली होती. चर्चा सगळ्यांची, लिहायचं काम मात्र हिच्या गळ्यात! शेवटी तिचं डोकं सटकलं. ग्रुप सोडायचाच असं ठरवून तिने मनातलं मराठी जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं, "मित्रांनो, मी येते."

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आईने लहानपणापासून घोटवून घेतलेलं. परदेशी पोरांना काय कळणार कप्पाळ! त्यांना वाटलं, बाई कामाला येतेय. ग्रुपवर लाल बदामांच्या इमोजींचा नुसता पाऊस पडला आणि पाठोपाठ अहवालाचं उरलेलं प्रकरणही हिच्याच माथी आलं.

चरफडत तिने ‘मी जाते’ असं लिहिलं. पण पाठवताना अंगठा थिजला. त्या घरात तो शब्द एकदाच उच्चारला गेला होता. शिवडीच्या गोदामावर कामाला निघालेले तिचे वडील, आप्पा, घाईत "जातो गं" म्हणाले, ते गेलेच.

तिने ते पुसलं आणि लिहिलं, "हो, करते."